बटाट्यांच्या कोल्डमध्ये मशरूम

इंदूर-देवास पट्ट्यात, महू-सांवेरच्या बाजूला, बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजचं कुणाला नवल नाही. इथे सगळे त्याला नुसतं ‘कोल्ड’ म्हणतात. माळव्याच्या बटाट्यात साखर कमी, म्हणून चिप्सवाले त्याच्या मागे असतात आणि म्हणून कोल्डही पुष्कळ. असं एखादं जुनं कोल्ड रिकामं पडलं, की मालकाच्या डोक्यात कुणीतरी मशरूम घालतं. भिंतीत थर्माकोल आहेच, थंडावा करणारा प्लांट आहेच, म्हणजे अर्धं काम झालं, असा हिशेब मांडला जातो.

हा हिशेब चुकीचा आहे. अर्धं काम होत नाही, फार तर दहावा हिस्सा होतो. बटाटा कोल्डमध्ये ठेवतात तो निजवायला. २ ते ४ अंशांवर त्याचा श्वास मंदावतो, तो फारशी उष्णता सोडत नाही, दार महिनामहिना उघडलं नाही तरी त्याची तक्रार नसते. बटन मशरूम याच्या अगदी उलट. ते सतत श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, ते ज्यावर वाढतं ते कंपोस्ट स्वतःच तापतं आणि खोलीत कायम ८५ ते ९० टक्के आर्द्रता लागते. बीज, म्हणजे पेरलेली मशरूमची बुरशी, कंपोस्टमध्ये पसरत असताना ते २३ ते २५ अंशांवर ठेवायचं, पीक येताना हवा १५ ते १८ अंशांवर. त्यामुळे जुन्या इमारतीला खरा प्रश्न विचारायचा तो हवेचा आणि वाफेचा. थंडी टिकते का, हा प्रश्न त्यानंतरचा.

तरीही सुरुवात भिंतीपासूनच करावी लागते, कारण भिंत खोटं बोलते. वरून प्लास्टर धड दिसतं आणि आतला थर्माकोल पाण्याने भरलेला असतो. तपासायला मोठं यंत्र लागत नाही. जमिनीपासून एक फुटावर, मध्ये आणि छताजवळ अशा तीन उंचींवर, शिवाय जिथे थंड करणाऱ्या कॉइलचं पाणी ठिबकत असे त्या जागेमागे, प्लास्टर आणि कोंबडीची जाळी कापून १० सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच जाड तुकडा काढा. बहुतेक ठिकाणी पाच-पाच सेंटिमीटरचे दोन थर सापडतात, दोन्ही घ्या. हा तुकडा बरोबर एक लिटर आकारमानाचा झाला. कोरडा थर्माकोल असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन १५ ते २० ग्रॅम भरतं. काटा ६० दाखवत असेल तर आत सुमारे ४० मिलिलिटर पाणी आहे. पाणी थर्माकोलच्या सोळा-सतरा पट उष्णता वाहून नेतं, आणि ओल एकसारखी पसरलेली नसते, सांध्यांत आणि तळाशी साचते. तळाचा तुकडा दोनशे ग्रॅमच्या वर गेला तर त्या भिंतीचं इन्सुलेशन आहे असं समजूच नये. कापताना भोकं, बिळं, लेंड्या दिसल्या तर नवल नाही. उंदरांना आणि मुंग्यांना थर्माकोल फार आवडतो.

ओल आत कुठून आली, हे समजलं की पुढचा अर्धा आराखडा आपोआप ठरतो. कोल्ड बांधताना विटांच्या भिंतीवर आधी डांबराचा थर देतात आणि त्यावर थर्माकोल चिकटवतात. म्हणजे वाफ अडवणारा थर बाहेरच्या, गरम बाजूला. आत ३ अंश असताना ते बरोबरच आहे, बारा महिने वाफ बाहेरून आत यायला बघते. पण आत मशरूम आलं की दिशा फिरते. १७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत वाफेचा दाब सुमारे १.७ किलोपास्कल असतो, बीज पसरायच्या काळात २४ अंशांना तो २.७ पर्यंत जातो. इंदुरात मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर बाहेरचा दाब जेमतेम १.२. डिसेंबरच्या रात्री तर एकच्याही खाली. म्हणजे भर उन्हाळ्यात आणि भर थंडीत वाफ आतून बाहेर ढकलली जाते, प्लास्टरमधून थर्माकोलमध्ये शिरते आणि डांबराच्या थरापाशी अडकून बसते. फक्त पावसाळ्यात, २७ अंश आणि ९० टक्क्यांना, बाहेरचा दाब ३.२ होतो आणि जुना डांबरी थर कामाला येतो. वर्षातले आठ महिने भिंत उलटी वागणार. त्यात आपली काळी माती. पाया उथळ असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तिरप्या भेगा पडतात आणि डांबराचा थर नेमका तिथेच फाटतो.

म्हणून जुन्या भिंतीवर एपॉक्सी फासून मोकळं होण्याचा मोह आवरावा. तुकडे चारही ठिकाणी कोरडे निघाले आणि भेगा नसल्या तरच त्याचा विचार करावा. एरवी घरात घर बांधणं उत्तम. चेंबरच्या आत दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या पत्र्याचे ६० मिलिमीटरचे पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनल उभे करायचे, सांधे सिलिकॉनने बंद करायचे आणि जुन्या भिंतीपासून दोन फूट अंतर सोडायचं. दोन फूट अशासाठी, की माणूस आत शिरून बघू शकेल आणि ती पोकळी हवेशीर राहील. ६० मिलिमीटर पफ साधारण १०० मिलिमीटर कोरड्या थर्माकोलइतकंच काम करतं. जुनी भिंत आणि छप्पर मग नुसती ऊन-पाऊस अडवायला.

त्याआधी पाडापाडी, आणि ती घाईची नाही. चेंबरमध्ये बंकर कॉइल, म्हणजे थंडाव्याच्या पाइपांची जुडी असते आणि तिच्यात अमोनिया. कॉइलमधला गॅस रिकामा करणं हे प्लांट चालवलेल्या जाणकार ऑपरेटरचंच काम, ते गॅस कटर हातात घेतलेल्या भंगारवाल्याला देऊ नये. पाइपमध्ये तेलाबरोबर अडकलेला अमोनियाही माणसाला लोळवायला पुरतो. आणि थर्माकोलच्या भिंतीजवळ वेल्डिंग किंवा कटिंग अजिबात नाही. एक ठिणगी जाळीमागे शिरली तर थर्माकोल आणि डांबर आतल्या आत पेटत जातं, धूर दिसेपर्यंत भिंत गेलेली असते. बोल्ट कापायला करवत वापरा, वेळ लागू द्या. छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस धरूनच चाला. ते कोरडे फोडायचे नाहीत, भोकंही पाडायची नाहीत.

लाकडी माळे आणि फळ्या सगळ्या बाहेर. वर्षानुवर्षं सडक्या बटाट्याचा रस प्यायलेलं लाकूड म्हणजे हिरव्या बुरशीचं माहेर. ते धुऊन शुद्ध होत नाही. भिंती आणि फरशी आधी साध्या पाण्याने घासून, वाळवून, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवाव्यात. पण चेंबरमध्ये अमोनियाचा वास असताना ब्लीचिंग आत न्यायचंच नाही, दोन्ही मिळून विषारी वायू होतो.

एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. चिप्सचा बटाटा २-४ अंशांवर ठेवला तर गोड होतो आणि तळल्यावर काळा पडतो, म्हणून तो १०-१२ अंशांवर ठेवतात आणि मोड येऊ नयेत म्हणून सीआयपीसी या औषधाची धुरी देतात. हे औषध मुळात तणनाशक आहे, पेशींचं विभाजन थांबवतं आणि काँक्रीटमध्ये, लाकडात, धुळीत वर्षानुवर्षं टिकतं. युरोपात २०२० पासून त्याचा वापर बंद आहे, तरी जुन्या गोदामांतून बटाट्याला लागणारा अंश धरून तिथे वेगळी मर्यादा ठरवावी लागली. कोल्डमध्ये धुरी दिली जायची का, हे जुन्या ऑपरेटरला विचारावं. खात्री करायची तर ओल्या फडक्यावर गहू पसरलेला एक ताट चेंबरमध्ये आणि एक घरी, आठवडाभर ठेवावा. चेंबरमधल्या गव्हाची मुळं आखूड आणि टोकाला फुगलेली आली, तर औषध अजून हजर आहे. अशा जागी पालेभाजी घेऊ नये. आणि मशरूम हेही खायचंच पीक आहे, त्यामुळे जुन्या पृष्ठभागाचा आणि पिकाच्या हवेचा संबंध तोडणं भाग आहे. घरात घर बांधायला हे आणखी एक कारण.

आता खोलीचं माप. बटाट्याचं चेंबर चार-पाच माळ्यांचं, उंच. त्या उंचीला भुलू नये. एक खोली १२ मीटर लांब, ६ रुंद, ४ उंच धरू. तिच्यात १.४ मीटर रुंद आणि साडेदहा मीटर लांब अशा दोन रॅक, प्रत्येकी पाच मजले, मजल्यांमध्ये ६० सेंटिमीटर, पहिला मजला जमिनीपासून एक फूट वर. तीन वाटा राहतात, प्रत्येकी मीटरभराच्या. दहा किलोच्या पिशव्या आडव्या चार आणि लांबीत तीस बसतात, म्हणजे दोन्ही रॅकवर मिळून १२०० पिशव्या, १२ टन कंपोस्ट. त्यावर केसिंगचं, म्हणजे कंपोस्ट झाकणाऱ्या ओलसर मातीसारख्या थराचं वजन धरून पंधरा टनांच्या आसपास. रॅक जस्ताचा मुलामा दिलेल्या अँगलच्या, जाळीच्या, खाली पायपट्ट्या मोठ्या. बटाट्याच्या कोल्डची फरशी सपाट असते आणि तिला मोरी नसते. मशरूमच्या खोलीत रोज पाणी पडतं. तेव्हा शंभरास एक असा उतार देऊन नवा कोबा आणि प्रत्येक खोलीला स्वतःचा पाणी भरलेला ट्रॅप. दोन खोल्यांचं सांडपाणी एका उघड्या नाल्यात गेलं की माश्या आणि रोग त्याच वाटेने ये-जा करतात.

हवेवर मात्र थांबून बोलायला हवं, कारण बहुतेक खोल्या तिथेच मरतात.

ढोबळ नियम असा, की दर टन कंपोस्टमागे ताशी १५० ते २०० घनमीटर हवा फिरवता आली पाहिजे. १२ टनांना २४०० घनमीटर. यातली बहुतेक हवा खोलीतलीच परत फिरते, बाहेरची ताजी हवा पिकाच्या काळात चौथा हिस्सा, म्हणजे ६०० च्या आसपास. एअर हँडलिंग युनिटच्या, म्हणजे हवा थंड करून खोलीत फिरवणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी एक मिश्रणाची पेटी, तिला दोन झडपा. एक ताज्या हवेची, एक परतीची. दोन्ही एकाच दांड्याला जोडाव्यात म्हणजे एक उघडली की दुसरी मिटते. ताज्या हवेच्या तोंडावर बारीक, दोन मायक्रॉनचा फिल्टर. तो माशी आणि बुरशीचे बीजाणू दोन्ही अडवतो. तिथून खोलीच्या मधोमध, छताखाली, ४० सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिकची नळी शेवटपर्यंत न्यायची आणि तिचं टोक बंद करायचं. नळीला पाच सेंटिमीटरची भोकं दोन ओळींत, दर अर्ध्या मीटरवर, एकूण बेचाळीस, खालच्या बाजूला. हवा मधल्या वाटेत खाली येते, जमिनीला लागून वळते आणि रॅकमधून वर चढते. समोरच्या भिंतीत २५ सेंटिमीटर लांब-रुंद झडप, आपोआप उघडणारी, आतून माशीची जाळी लावलेली. खोलीत दाब किंचित जास्त राहिला पाहिजे, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाते, माशी आत येत नाही.

मोजायला कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्यावाच. पण उदबत्तीही ठेवा. खालच्या मजल्याच्या कोपऱ्यात उदबत्ती धरली की धूर संथ एका बाजूला सरकला पाहिजे. सरळ वर गेला तर तिथे हवा मेलेली आहे, विस्कटला तर फार जोरात आहे. तीच उदबत्ती पॅनलच्या सांध्यांवरून फिरवली की गळती सापडते.

बीज पसरायच्या १२-१४ दिवसांत ताजी हवा जवळजवळ बंद असते, कार्बन डायऑक्साइड दहा हजार पीपीएमच्या वर गेला तरी बुरशीला तो चालतो. माणसाला चालत नाही. कोल्डचं जुनं दार फक्त बाहेरून उघडणारं असेल तर ते आधी बदला, आतून ढकलून उघडणारी मूठ बसवा. केसिंगनंतर आठ-दहा दिवसांनी पांढरं जाळं वर दिसू लागलं की ताजी हवा सुरू करायची, तापमान १६-१७ वर आणायचं आणि कार्बन डायऑक्साइड हजार पीपीएमच्या खाली. हा बदल ढिलाईने केला तर केसिंगवर पांढरी साय धरते आणि पिन, म्हणजे मशरूमचे पहिले बारीक कोंब, कमी येतात. पीक उभं राहिल्यावर मशरूमच सांगतं: दांडा लांब आणि टोपी बारीक आली तर हवा कमी पडते आहे. टोपीवर खवले उठले तर हवा कोरडी किंवा जोराची. टोपी चिकट होऊन तपकिरी डाग पडले तर पाणी दिल्यावर ते तीन-चार तासांत वाळलं नाही. शेवटच्या तक्रारीवर पाणी कमी करण्याआधी हवा बघावी.

थंडाव्याचा हिशेब याच आकड्यांवरून निघतो, आणि तो थोडा चकित करणारा आहे. याच खोलीच्या भिंती आणि छत मिळून बाहेरून जी उष्णता आत येते ती थंडाव्याच्या अर्ध्या टनाच्या आसपासच भरते (हा टन वजनाचा नाही, एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता काढणं). ताशी ६०० घनमीटर ताजी हवा थंड करायला मेमध्ये सुमारे एक टन रेफ्रिजरेशन लागतं आणि जुलैत दोन टन. सगळे उन्हाळ्याला घाबरतात, पण मेची कोरडी हवा डेझर्ट कूलरच्या पॅडमधून नेली की २४-२५ अंशांवर येते आणि खोलीला हवा असलेला ओलावाही घेऊन येते. जुलैच्या हवेतून मात्र पाणी पिळून काढावं लागतं आणि ते काम वीज खातं. याशिवाय कंपोस्टची स्वतःची उष्णता आणि मोटारी. प्लांट मागवताना हे चारही हिस्से वेगवेगळे मांडून मागा. नुसतं ‘एवढ्या घनफुटांची खोली’ असं सांगितलं, तर समोरचा बटाट्याचा हिशेब करून देईल.

जुना अमोनिया प्लांट वापरावा का? तो हजारो टन बटाट्यासाठी आहे, एका-दोन खोल्यांसाठी सुरू-बंद होत राहील आणि बिघडेल. अमोनियाची कॉइल पिकाच्या खोलीत तर नकोच, बारीक गळतीनेही बुरशी मरते. सहा अंशांचं थंड पाणी करणारा छोटा चिलर बाहेर आणि खोलीच्या युनिटमध्ये पाण्याची कॉइल, ही सुटसुटीत सोय. त्या कॉइलच्या तांब्यावर संरक्षक लेप हवा. अमोनिया तांबं खातो आणि कच्च्या कंपोस्टमधूनही तो येतोच.

पाण्याबद्दल इतकंच, की इथल्या बोअरचं पाणी जड. फॉगरची नोझल महिनाभरात पांढऱ्या क्षाराने बुजतात. धुक्यासाठी आरओचं किंवा नर्मदेचं पाणी वापरा, धुण्यासाठी बोअर. पिकावर मारायच्या पाण्यात क्लोरीन १५० पीपीएमपर्यंत ठेवलं तर डागांचा रोग बराच आवरतो.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न इन्सुलेशनच्या भरवशावर सोडला जातो. पीक उभं असताना ते काही तास सांभाळतंही. पण बीज पसरायच्या आठवड्यात कंपोस्ट आतून तापत असतं आणि तेच चांगलं इन्सुलेशन ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कंपोस्ट तिशीच्या वर गेलं की बुरशी दुखावते, पस्तिशीला संपते. म्हणून जनरेटर छोटा असला तर त्यावर आधी पंखा घ्या, चिलर नंतर. तापमापक पिशवीत खुपसलेला हवा, भिंतीवर टांगलेला नुसती हवा मोजतो.

कंपोस्ट कोल्डच्या आवारात करू नये. गव्हाचा भुसा आणि कोंबडीखत इथे भरपूर मिळतं म्हणून मोह होतो, पण ढिगावरची माशी थेट खोलीत पोचते. तयार आणा किंवा वाऱ्याच्या खालच्या बाजूला, दूर करा. आत घेताना मुठीत दाबून बघा: बोटांच्या फटीत थेंब दिसावेत, धार लागू नये. नाकाला अमोनिया झोंबला तर ती गाडी परत. बी कंपोस्टच्या अर्धा ते पाऊण टक्का, केसिंगचा थर चार सेंटिमीटर, बी पेरल्यापासून साठ दिवसांत खोली रिकामी. शंभर किलो कंपोस्टमागे १५ ते २० किलो माल निघाला तर खोली नीट चालली. सोयाबीनच्या कुटारावर ढिंगरी (ऑयस्टर मशरूम) घ्यायचा बेत असेल तर ती वेगळ्या इमारतीत. तिचे बीजाणू हवेत ढगासारखे सुटतात आणि तोडणाऱ्यांना दमा लावतात.

कुणी विचारतं, मशरूमऐवजी दिव्याखाली लेट्यूस का नको? शंभर चौरस मीटर वाफ्यावर मीटरमागे १५० वॉटचे एलईडी लावले की १५ किलोवॉट, म्हणजे सव्वाचार टन थंडाव्याचं काम निव्वळ दिव्यांनी वाढवलं. इतकी चांगली बंद केलेली इमारत त्या पिकाला अडचणच. बाहेर डिसेंबरची थंड रात्र असताना आत एसी चालवत बसायचं.

पीक संपल्यावर खोली वाफेने तापवतात, कंपोस्टसकट ७० अंशांवर बारा तास. पफ पॅनल हे सोसतं. जुन्या थर्माकोलच्या भिंतीला मात्र हे धोक्याचं, तो ७५-८० अंशांपासून मऊ पडून आकसतो आणि डांबरही सुटू लागतं, शिवाय वाफेच्या नळीच्या तोंडाशी तापमान मीटरपेक्षा बरंच जास्त असतं. जुन्या भिंतीतच पीक घेतलं असेल तर वाफ ६० वर थांबवून वेळ वाढवा आणि नळीचं तोंड भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध ठेवा. पिशव्या थंड झाल्यावरच काढा, दारात ढीग न लावता त्याच दिवशी ट्रॉलीत भरा. आणि तोडणीला जाणाऱ्यांनी सकाळी सगळ्यात कोवळ्या खोलीपासून सुरुवात करावी, जुन्या खोलीत शेवटी. जुन्या खोलीतून परत नव्या खोलीत कुणी जायचं नाही, अगदी विसरलेली सुरी आणायलासुद्धा.